तो धूप आणि ती धूप

मीराबाईंच्या हातून चूक होत नाही, असं अख्ख्या घराचं मत होतं, आणि ते मत घराला मीराबाईंनीच दिलं होतं. अकोल्याहून मुलाकडे जयपूरला आल्या आल्या त्यांनी जगतपुऱ्यातल्या फ्लॅटचा कारभार हातात घेतला. मुलगा कौशिक रेल्वेत लोको पायलट, आज इथं तर उद्या तिथं. सून रूपाली जयपुरातच वाढलेली, दिवसभर ऑफिसात. उरली अकरा वर्षांची नात गौतमी. तिचा दमा आणि तिची मराठी, दोन्ही सुधारायचं मीराबाईंनी मनावर घेतलं होतं.

मराठीचं तर विचारू नका. 'माझी दूध', 'तुझा पुस्तक', असा सगळा आनंद. "पोरगी दुधाले बाई करते अन् पुस्तकाले बाप्या," असं म्हणून मीराबाई कपाळाला हात लावत. दम्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. पळण्यात गौतमीचा शाळेत कोणी हात धरत नसे, आणि महिनाभरात आंतरशालेय शर्यत होती. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मैदानावर पाऊल ठेवायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. डॉक्टरांची अट साधी होती. रोज सकाळ-संध्याकाळ श्वास मोजायच्या नळीत जोरात फुंकायचं. काटा सलग पंधरा दिवस हिरव्या पट्ट्यात राहिला, तर चिठ्ठी. काटा पिवळ्यातून हलायला तयार नव्हता.

तरी गौतमीच्या खोलीत एअर प्युरिफायर होता. हवा चांगली असली की त्याचा दिवा निळा, बिघडली की लाल. रात्री निळा असायचा, पण दुपारी पाहावं तर लालभडक. समोर इमारत उठतेय, तिची धूळ येत असेल, असं रूपालीला वाटे. मीराबाईंनी निकाल देऊन टाकला होता की मशीनच डुप्लिकेट आहे.

मागच्या खेपेला दुर्गापुऱ्याच्या दवाखान्यात नातीला घेऊन मीराबाईच गेल्या होत्या. दम्याचा पंप चुकवू नका, खिडक्या लावून मशीन चालू ठेवा, घरात अगरबत्ती बंद करा, असं सगळं डॉक्टरांनी हिंदीत समजावलं आणि शेवटी म्हणाले, "और बिस्तर को धूप दिखाइए." संध्याकाळी रूपालीने विचारलं तेव्हा मीराबाईंनी जसंच्या तसं सांगितलं, "बिछान्याले धूप दाखवाले सांगतलं." रूपाली म्हणाली, "दाखवा ना आई, चांगलंच आहे."

बुद्धमूर्तीपुढची अगरबत्ती बंद करताना मीराबाईंच्या जिवावर आलं, पण नातीपुढे काय? केली बंद. अगरबत्ती नको आणि धूप हवा, हे मात्र त्यांना कोड्यासारखं वाटलं. पण डॉक्टर शिकलेला माणूस, काहीतरी असेलच त्यात. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा म्हटलं होतं, मीराबाई रोज दाखवू लागल्या. घरात कोणी नसलं की निखाऱ्यावर धूप टाकायचा, दार लावायचं आणि गादी, उशी, रजाई चांगली धुरावून काढायची. मशीनने धूर ओढून घेऊ नये म्हणून तेवढा वेळ ते बंद. गौतमीचं नाक बाराही महिने चोंदलेलं, तिला वासाचा पत्ता लागत नसे. रूपाली येईपर्यंत मशीन उरलासुरला वास गिळून टाकी.

त्या दिवशी शाळेतून येऊन गौतमी पलंगावर पडली आणि तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. पंप घेतल्यावर थोडं बरं वाटलं. नळीत फुंकलं, काटा पुन्हा पिवळ्यात. डोळ्यांतलं पाणी लपवत तिने विचारलं, "आजी, तू आज बिछान्याला धूप दाखवली होती ना?"

"दाखवला म्हण. तो धूप."

"नाही, धूप ती असते. मतलब, हे तर मला पक्कं माहीत आहे."

"मले शिकवतं का आता? तो धूप, तो!"

"तो कसा? आकाशातून येते ना ती!"

"आकाशातून? अव माय, डब्यातून येतो तो!"

गौतमी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातला डबा घेऊन आली. तिने डबा नाकाशी धरला, लगेच शिंकली आणि मग हळूच म्हणाली, "आजी, डॉक्टर ऊन म्हणत होते. ऊन."

ज्या लेकरासाठी जीव टाकायचा, त्याच्याच उशाला आपण रोज धूर घातला, हे कळताच मीराबाईंना रडू कोसळलं. गौतमीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "कोणाला नाही सांगणार, आजी," ती म्हणाली.

त्या दिवशी तो डबा घराबाहेर गेला. चादरी, खोळी गरम पाण्यातून निघाल्या, गादी गच्चीवर गेली आणि जयपूरच्या उन्हाने आपलं काम केलं. दुपारचा दिवा निळा राहू लागला. चौथ्या दिवशी काटा हिरव्यात शिरला आणि मुक्काम ठोकून बसला.

सोळा दिवसांचा तक्ता पाहून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "अरे वाह! ये कैसे हुआ?"

"मशीन में गड़बड़ थी, ठीक हो गई," गौतमी चटकन म्हणाली आणि आजीकडे न बघता पायातला बूट न्याहाळू लागली.

मीराबाईंनी पदर सावरला आणि त्या ताठ बसल्या. "नहीं डॉक्टरसाब. मशीन अच्छा है. गड़बड़ मेरे में थी. तुम सूरज की धूप बोले, मैं डब्बे का धूप जलाई. चूक इसने पकडी. घर में इतने बडे लोग, किसीको नहीं समझा. इसको समझा." बोलताना त्यांची मान अशी वर होती की चूक नव्हे, पदकच मिळालं असावं.

डॉक्टर पोट धरून हसले, मग गौतमीशी हात मिळवला आणि चिठ्ठी लिहिली. धावायच्या आधी पंप घ्यायचा, हेही बजावलं.

बाहेर रिक्षात बसताना गौतमी फुरंगटून म्हणाली, "तू का सांगितलं? मी तर तुझी नाव वाचवत होते."

"तुझं नाव म्हण. ते नाव," मीराबाई सवयीने म्हणाल्या, आणि तिला जवळ ओढून घेत म्हणाल्या, "अन् मी गप्प बसली असती, तं तुझ्याऐवजी नाव त्या मशीनचं झालं असतं ना!"