काळ्या पोटाची किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. पाणी उकळायची नव्हे, चहा मुरवायची. भाजलेल्या मातीची, बाहेरून तपकिरी, आतून मुळात पांढरी, पोट सुटलेली आणि चोचीने जराशी वाकडी. सध्या माझा मुक्काम न्यूझीलंडमधल्या लोअर हटला, स्नेहलताच्या ओट्यावर, प्रेशर कुकरच्या शेजारी असतो. कुकर शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेतो आणि मी मुकाट ऐकते. आज मात्र बोलायची पाळी माझी आहे.

माझा जन्म आयर्लंडचा. कुंभाराच्या भट्टीतून मी जत्रेत आले आणि जत्रेतून मोरीनच्या आईच्या घरी. मोरीन नर्स झाली आणि जहाजाने इकडे निघाली, तेव्हा आईने मला तिच्या पांढऱ्या एप्रनांत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि बजावलं, "हिला आतून साबण लावू नकोस हं. चहाने चहाला चव येते." मोरीनने ते जन्मभर पाळलं. नुसत्या गरम पाण्याने विसळायची आणि पालथी घालायची. थरावर थर चढत माझं पांढरं पोट काळंकुळकुळीत झालं. त्यांच्या गावाकडे किटलीची अब्रू ती हीच!

काय सुखाचे दिवस होते ते! मोरीन हॉस्पिटलात राबली, चार मुलं वाढवली, आणि रविवारची प्रार्थना कधी चुकवली नाही. रात्रपाळी करून तशीच युनिफॉर्मवर चर्चला जायची आणि डुलक्या खात देवाचं ऐकायची. देवावर एवढी श्रद्धा, पण मुलांशी पत्ते खेळताना बिनदिक्कत लबाडी करायची. माझ्यात चहा मुरत घातला की ती मरियामातेची प्रार्थना पुटपुटायची. ती पाचदा झाली की चहा तयार. छातीवर घड्याळ टाचलेलं असायचं, पण ते पेशंटच्या नाडीसाठी. चहाची वेळ मरियामातेकडे होती.

मुलं पांगली, नवरा देवाघरी गेला, मोरीन निवृत्त झाली. आता आपल्याला कोण विचारतो, असं माझ्या मनात यायला लागलं. तेवढ्यात शेजारच्या घरात पुण्याहून चंद्रशेखर आणि स्नेहलता राहायला आले. वर्षभरात त्यांना मुलगी झाली, अनुष्का. चंद्रशेखर सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसात जायचा आणि स्नेहलता तान्ह्या पोरीला घेऊन एकटी. बाळ नीट दूध पीत नव्हतं. एका दुपारी बाळाच्या रडण्यात आईचंही रडणं मिसळलं, तशी मोरीन, चहा गार होऊ नये म्हणून मला लोकरीचं टोपडं घालून, कुंपणापलीकडे गेली.

"आधी तू चहा पी," तिने स्नेहलताला खुर्चीत बसवलं. "घाबरलेल्या आईकडे बाळही घाबरतं."

मग तिने पाठीशी उशी दिली, बाळाला कसं धरायचं ते दाखवलं आणि अनुष्का चुटूचुटू दूध प्यायला लागली. स्नेहलताने डोळे पुसत तिला मावशी म्हटलं, ती कायमचीच मावशी. तेव्हापासून रोज संध्याकाळी मोरीनकडे दोघींचा चहा ठरलेला. पण मावशी पाहुणीला सिंकपाशी फिरकू द्यायची नाही. त्यामुळे माझं काळं पोट स्नेहलताने कधी पाहिलंच नाही.

२००८ च्या हिवाळ्यात मोरीन गेली. झोपेतच, हातात जपमाळ घेऊन. मी फार रडले असते, पण किटलीचे अश्रू कुणाला दिसणार?

त्या लोकांत माणूस गेल्यावर महिन्याने त्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना करतात आणि मग घरी चहा होतो. "आपल्या मासिकासारखंच की!" स्नेहलता म्हणाली. मोरीनची मुलगी शिवॉन ऑकलंडहून येणार होती. तिने चहाची तयारी स्नेहलतावर सोपवली होती. "चहा आईच्या किटलीतलाच हवा," ती फोनवर म्हणाली, "ती किटली मी घेऊन जाणार आहे."

स्नेहलताने मला घरी आणलं, झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! मावशीला दिसत नव्हतं वाटतं बिचारीला! चारचौघांत हे उघडलं तर लोक काय म्हणतील तिला?"

मावशीची अब्रू वाचवायची म्हणून तिने पदर खोचला, म्हणजे स्वेटरच्या बाह्या सरसावल्या. खायचा सोडा, लिंबू, वर साबण! मी आतून ओरडत होते, पण ऐकतंय कोण?

"आई, इट्स सो शायनी!" अनुष्का टाळ्या पिटत म्हणाली.

प्रार्थनेनंतर घर माणसांनी भरलं. शिवॉनने चहापत्ती घालायला माझं झाकण उचललं आणि ती जागच्या जागी थांबली.

"हे... हे कोणी केलं?"

"मी," स्नेहलता खुशीत म्हणाली. "किती काळी झाली होती!"

"काळीच होती ती. आजीच्या वेळेपासून कुणी साबण लावला नव्हता. आईने केलेला प्रत्येक चहा होता त्यात."

स्नेहलताचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, लोक मावशीला नावं ठेवतील... मी तिची आठवणच पुसून टाकली गं!" ती हुंदके देऊन रडायला लागली. आता मी नुसती एक जुनी मातीची किटली. शिवॉन कशाला नेईल मला?

शिवॉनने माझ्याकडे पाहिलं, मग स्नेहलताकडे. आणि एकाएकी खो खो हसत सुटली. "आईने हे पाहिलं असतं तर आधी बेशुद्ध पडली असती आणि मग स्वतःच स्वतःची नाडी बघत बसली असती!" सगळं घर हसलं. स्नेहलताही रडता रडता हसली.

"मी टी-बॅगचा चहा पिते," शिवॉन म्हणाली. "माझ्याकडे ही कपाटात बसेल आणि जन्मभर पांढरीच राहील. तू घासलीस ना? मग आता तूच काळी कर. मी बघायला येईन."

तेव्हापासून मी इथे आहे. सकाळचा आल्याचा चहा पातेल्यात उकळतो, चंद्रशेखरला तोच लागतो. संध्याकाळचा मात्र माझ्यात. चहा मुरत घातला की स्नेहलता शुभंकरोती म्हणते आणि अनुष्का तिच्या नॅनाने, म्हणजे मोरीन आजीने, शिकवलेली मरियामातेची प्रार्थना. दोघींचं संपेपर्यंत चहा अंमळ कडक होतो, पण तक्रार कुणाची नाही. परवा शिवॉन आली होती. झाकण उचलून आत डोकावली. तळाशी छान तपकिरी रंग धरला आहे.

तर मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू कपाटात मिरवायला ठेवू नका, रोज वापरा. ती काळी झाली तर होऊ द्या. आणि घासायचीच असेल, तर आधी कुणाला तरी विचारा!