यान्बूत नोराबाईची बैठक

सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत उल्हास मिरजकर प्रेशर गेज तपासायचा आणि उरलेल्या वेळात माणसं तपासायचा. तो स्वतःला चौकस म्हणवून घेई. त्याची बायको हेमलता त्याला सरळ भोचक म्हणायची. पलीकडच्या व्हिलातल्या माणसाने नवीन कुकर आणला तर तो किती लिटरचा हे कळल्याशिवाय याला जेवण गोड लागत नसे.

अशा माणसाला कॉर्मक भेटला म्हणजे आयतं घबाडच मिळालं. कॉर्मक कॉम्प्रेसर विभागाचा फोरमन. पन्नाशीचा, लाल गालांचा आयरिश माणूस, एकटा जीव. वर्षापूर्वी चहाच्या सुट्टीत तो सहज बोलून गेला, "माझी आई पब चालवते. पुढच्या बाजूला किराणा, मागे पब आणि अंगणातल्या शेडमध्ये शवपेट्या. गावात कुणी गेलं की पुढचं सगळं आम्हीच बघतो."

उल्हासच्या हातातला चहा हातातच राहिला.

"एकाच दुकानात?"

"एकाच. आमच्याकडे खेड्यांतून ही जुनी पद्धत आहे."

"म्हणजे गिऱ्हाईक आयुष्यभर तुमच्याकडे पिणार, आणि शेवटी तुम्हीच त्याला पोचवणार?"

"मग? त्याला आमच्याइतकं कोण ओळखतं?"

त्या दिवसापासून उल्हासने कॉर्मकच्या मागे जो लकडा लावला, तो सुटलाच नाही. ज्या देशात दारूचा थेंब मिळत नाही, तिथे बसून त्याने त्या पबमधली बाकंसुद्धा पाठ केली. चूल कुठल्या भिंतीला, म्हातारा पोस्टमन कुठल्या कोपऱ्यात बसतो, सगळं. आई म्हणजे नोराबाई. वय चौऱ्याहत्तर, पाच फूट उंची, आणि गावातला एकही दारुडा तिच्यापुढे ब्र काढत नसे.

मग वेकचं प्रकरण निघालं. कॉर्मक सांगायचा, की माणूस गेलं की त्याला घरातच ठेवतात, एक-दोन दिवस, आणि सगळा गाव घरी येतो. प्रेताला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. चहा, सँडविच, तंबाखू, पबमधून बाटल्या. आणि गोष्टी. गेलेल्याच्या गोष्टी, लोक पोट धरधरून हसेपर्यंत.

"प्रेताशेजारी हसतात?" हेमलताला हे ऐकूनच कसंतरी झालं. "लाज नाही वाटत?"

उल्हासला मात्र ते नवलाचं वाटलं, आणि नवल वाटलं की त्याला झोप येत नसे.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं. क्षेपणास्त्रं पडत होती ती रियाध आणि धहरानवर. यान्बू दुसऱ्या किनाऱ्यावर, लांब. तरी काचांना चिकटपट्ट्या लागल्या, प्रत्येकाच्या खांद्याला गॅस मास्कचा डबा लोंबू लागला आणि प्रवासी विमानं बंद झाली. त्याच दिवसांत एका बुधवारी कॉर्मकला भाच्याचा फोन आला. नोराबाई गेल्या. दफन शुक्रवारी दुपारी बारा वाजता.

कॉर्मकने दोन दिवस हात-पाय मारले. जहाज, लष्करी विमान, जेद्दाहून काही, रस्त्याने काही. सगळीकडून एकच उत्तर, खलास, नाही. गुरुवारी संध्याकाळी तो उल्हासच्या दारात उभा राहिला. डोळे तांबारलेले.

"उद्या तिथे बारा वाजता म्हणजे इथे तीन वाजता तिला मातीत ठेवतील. मी इथेच तिचं वेक करणार आहे. आमच्याकडे कुणी बोलल्याशिवाय माणूस जात नाही, उल्हास. तू येशील? आणखी कुणाला आणशील?"

"आणतो की," उल्हास म्हणाला.  मनातल्या मनात तो कामाला लागला होता.

शुक्रवारी बाराला तो फौज घेऊन हजर झाला. फौज म्हणजे हेमलता, कॉर्मकच्या हाताखालचे दोन फिलिपिनो वेल्डर, आणि कंपनीच्या टेलिफोन बोर्डावरचा हनीफ. हा दाभोळ खाडीकडचा, साठीला टेकलेला, इतका अबोल की तो बोर्डावर बसून दिवसभर बोलतो यावर कुणाचा विश्वास बसला नसता. त्याला उल्हासने बोलावलंच नव्हतं. कॉर्मकच्या आईचं ऐकून तो आपण होऊन आला होता. हेमलताने पिठलं-भाताचा डबा आणला होता, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. उल्हासने पांढरा सदरा घातला होता. जाताना "येतो" म्हणायचं नाही, हेही त्याने वेल्डरना वाटेत बजावून ठेवलं होतं.

कॉर्मकच्या खोलीत आरशावर चादर टाकलेली होती. टेबलावर नोराबाईचा फोटो, शेजारी मेणबत्ती, चहाची किटली, सँडविचची थाळी आणि बिनदारूच्या बिअरच्या बारा बाटल्या. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. मंडळी बसली.

आणि कुणीही बोललं नाही.

आपल्याकडे दुःखाच्या घरी जाऊन बोलतं कोण? मान खाली घालून बसायचं, एखादा उसासा टाकायचा. आपण आलो, हेच आपलं बोलणं. उल्हासने वर्षभर वेकच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तो इथे आला होता त्याच कुतूहलाने. पण फोटो आणि मेणबत्ती बघितल्यावर त्याच्या हाडीमासी खिळलेलं वळण वर आलं, आणि गोष्टी-बिष्टी सगळं तो साफ विसरला. उल्हास गप्प म्हणून हेमलता गप्प. ही दोघं गप्प म्हणून वेल्डर गप्प, कारण त्यांना वाटलं इथे अशीच रीत असेल. हनीफ दाराजवळ टोपी घालून बसला होता, तो एरवीही गप्पच.

कॉर्मक एकेकाकडे बघत होता. चहा ओतून देत होता. पुन्हा बघत होता. तास गेला, एक वाजून गेला. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि बाहेर येईना.

उल्हास मागोमाग गेला. कॉर्मक बेसिनच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा होता, पाठ हलत होती.

"कॉर्मक, आमचं काही चुकलं का?"

"तू विचारतोस?" तो वळला नाही. "तुला मी सगळं सांगितलंय. ज्याच्या वेकला घर मुकं असतं, त्याच्याबद्दल कुणालाही काहीही सांगावंसं वाटत नाही, असं आमच्याकडे समजतात. एकदाच बघितलंय मी असं. गावच्या सावकाराचं. त्याचाही मुलगा असाच चहा ओतत होता."

उल्हासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीसाठी याने आपल्याला बोलावलं, नेमकी तीच आपण अदबीने गिळून बसलो.

"आमच्याकडे आदर दाखवायचा तर गप्प बसतात," तो कसाबसा म्हणाला. "मला सुचलंच नाही. तू चल बाहेर."

बाहेर येऊन तो खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. हेमलताने नजरेने विचारलं, हे काय. त्याने तिकडे लक्षच दिलं नाही.

"नोराबाई रात्री अकराला पब बंद करायच्या," त्याने इंग्रजीत सुरुवात केली. आवाज चिरका निघाला. "पण पिणारे कुठले उठतात! मग त्या काय करायच्या, की गल्ल्याखालून शवपेटीची मापं घ्यायची टेप काढायच्या, आणि जो सगळ्यात जास्त चिकटून बसलाय त्याच्या मागे जाऊन, एक शब्द न बोलता, त्याचे खांदे मोजायच्या. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मग वहीत आकडा लिहायच्या. दोन मिनिटांत पब रिकामा!"

एक वेल्डर फस्सकन हसला आणि घाबरून थांबला. पण तोवर कॉर्मकही हसला होता. मग हेमलता हसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

"वहीत नाही," कॉर्मक म्हणाला. "खडूने. त्याच्याच कोटाच्या पाठीवर."

"कोटाच्या पाठीवर!" उल्हास ओरडला. "हे तू मला सांगितलं नव्हतंस!"

मग बांध फुटला. धर्मगुरूंना तिने भर पबात बटाटे सोलायला बसवलं ती गोष्ट झाली. बकरी शवपेटीत व्याली ती झाली. पोस्टमनने तिला मागणी घातली आणि तिने त्याचेही खांदे मोजले, ती झाली. उल्हास नकला करत होता, कॉर्मक चुका काढत होता, वेल्डर बाटल्या फोडत होते. हेमलताने पिठलं-भात वाढला आणि कॉर्मकने दोनदा घेतला. सुतकाच्या घरात आपण इतके हसतोय याची उल्हासला मधूनच भीती वाटे, आणि लगेच पुढची गोष्ट आठवे.

अडीच वाजता मात्र पोतडी रिकामी झाली. उल्हासने डोकं खाजवलं. खोली पुन्हा शांत होऊ लागली.

"उल्हास, तुझे उपकार आहेत," कॉर्मक हळूच म्हणाला. "पण या सगळ्या माझ्याच गोष्टी. मीच तुला दिलेल्या. वेकला शेजारी सांगतात आणि घरचे ऐकतात. घरच्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी हाती लागावं म्हणून तर ते असतं. इथे तिला ओळखणारं कुणीच नाही. त्याला तू तरी काय करणार?"

 उल्हासने घड्याळ बघितलं. दोन पस्तीस.

दाराजवळून कुणीतरी घसा खाकरला.

"मी वळखत होतो," हनीफ म्हणाला, मराठीत, उल्हासकडे बघून. "साहेबांना सांगा. बोर्डावर इंग्रजी बोलतो मी, पण आज जीभ वळणार नाय."

"तुम्ही? नोराबाईंना? कसे काय हनीफभाई?"

"फोन माझ्याकडंच येयाचा ना. दर रविवारी. साहेब प्लांटमध्ये असायचे, त्यांना शोधून आणीपर्यंत धा-पंधरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ ती माझ्याशी बोलायची. तीन वर्सं."

उल्हासने सांगितलं. कॉर्मकने हातातली बाटली खाली ठेवली.

"काय बोलायची?"

"सगळं इचारायची. ह्या मिरजकर साहेबांच्या वर ताण. तुमच्या खाडीत मासे कुठले, घर कौलारू की कसं, पोरगी इफरा कितवीत. एकदा इचारलान, तुमच्यात माणूस गेलं की काय करतात. मी म्हटलं, त्याच दिवशी दफन करतो, आणि तीन दिवस शेजारी जेवण आणतात. तर म्हणाली, त्याच दिवशी? मग गोष्टी कधी सांगता? मी काय सांगणार! म्हटलं, नाय सांगत. तर म्हणाली, मग तुझी आई गेली ना, की मला सांग. मी ऐकते."

उल्हास वाक्यावाक्याला थांबून इंग्रजीत सांगत होता. हेमलताने डोळे पुसले.

"गेल्या साली माझी आई गेली. शरफुन्निसा. मी बोर्डावर बसून तिच्या गोष्टी सांगितल्या. साहेबांना त्या दिवशी मी उशिरा बोलावलं. ती चूक माझी."

"पण या महिन्यात तर तिचा फोनच आला नाही," कॉर्मक म्हणाला. "मी समजलो लाइन बंद आहेत."

हनीफने टोपी काढून हातात घेतली. 

"आला हुता. दोनदा. मला म्हणाली, त्याला बोलवू नको. माझा आवाज गेलाय, तो दुखणं वळखेल. फक्त खरं सांग, तो हाय तिथं बॉम्ब पडतात का? मी म्हटलं, नाय पडत. जेवतो का? म्हटलं, जेवतो. मग म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय, आता थोडेच दिवस. त्याला कळलं तर तो लढाईतून वाट काढून निघेल, आणि वाटेत मरेल. त्यापेक्षा आई फोन करत नाय म्हणून रागावू दे. मला शपथ घातलान."

उल्हास "रागावू दे" पाशी अडकला. वर्षभर दुसऱ्याच्या घरातलं सगळं विचारून घेणाऱ्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे मला कळायला नको होतं. पण त्याने सांगितलं. शब्द न शब्द, जसाच्या तसा.

 कॉर्मक उठला, आपली खुर्ची उचलून हनीफच्या समोर आणून ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"विचार त्याला," तो उल्हासला म्हणाला, नजर हनीफवरच. "पहिल्या फोनपासून विचार. ती काय म्हणाली, सगळं."

तीन वाजून गेले होते. उल्हासने घड्याळावर बाही ओढली आणि विचारलं.

"पहिल्या फोनला?" हनीफ आठवू लागला. "पहिल्या फोनला तिनं साहेबांचं नाव नाय घेतलान. मी म्हटलं, कोण पायजे? तर म्हणाली, आधी तुझं नाव सांग."