माझी लांबी दोन मीटर पंधरा

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातली एक जुनी अजगरीण आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी आळशी नाही. लोक माझ्याबद्दल वर्षानुवर्षं हेच बोलत आले, म्हणून माझी गोष्ट मला स्वतःलाच सांगावी लागते आहे.

बोआ नावाचे माझे परदेशी भाऊबंद या देशात पाळायला बंदी आहे. मी मात्र इथलीच, कार्पेट पायथन जातीची. अंगावर सतरंजीसारखी नक्षी, आणि विष अजिबात नाही. अंड्यातून बाहेर आले तेव्हा मी हातभरही लांब नव्हते. ज्याच्याकडे माझा जन्म झाला त्या माणसाने मला जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत ठेवलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. एवढ्याशा सापाला फार मोकळ्या जागेत भीती वाटते.

तिथून सिद्धार्थने मला रीतसर लायसन्स काढून घरी आणलं. तो इथल्या युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात शिकवतो, त्याची बायको सुमेधा हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. त्यांची शाल्मली तेव्हा पाच वर्षांची होती. तिने माझं नाव नूडल ठेवलं. मला ते कधीच आवडलं नाही.

वर्षभराने त्यांनी मला नव्वद सेंटिमीटरच्या काचेच्या टाकीत हलवलं. दुकानदार म्हणाला होता, साप लहान जागेतच खूश असतो. सिद्धार्थने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं, आणि मी वाढत राहिले.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. शाल्मलीने मला शाळेत नेलं, वर्गातल्या पोरांनी रांग लावून मला हात लावला. दिवाळीला पाहुणे आले की माझ्यासोबत फोटो काढायचे. मग कौतुक ओसरलं. टाकीवर वर्तमानपत्रं साठली, त्यावर सायकलचं हेल्मेट आलं. पाणी मात्र रोज मिळायचं, ते नाकारत नाही.

पाचव्या वर्षी माझं अंग टाकीत तीन वेळा दुमडलेलं असायचं. दिवा लागला की सगळी टाकी तापायची, दिवा बंद झाला की सगळी गार पडायची. टूवूंबाची थंडी तुम्हाला माहीत नसेल, सकाळी गवतावर पांढरा थर असतो. ऊब हवी तेव्हा उबेत आणि नको तेव्हा सावलीत सरकायचं, एवढंच आम्हाला हवं असतं. पण सरकायला जागाच नव्हती.

"हाऊ काम शी इज, किती शांत!" पाहुणे म्हणायचे. मी शांत नव्हते. मला वळता येत नव्हतं.

मग आठव्या वर्षी मी ठरवलं की हे चालू द्यायचं नाही. रोज सकाळी मी झाकणाच्या जाळीवर नाकाने धडका द्यायला लागले. नाक सोललं, तरी थांबले नाही. समोर ठेवलेल्या उंदराकडे पाठ फिरवली. एक आठवडा, दोन आठवडे, सात आठवडे.

"रुसलीये," सिद्धार्थ म्हणाला. "थंडीत आळशी होतात हे."

सुमेधा शिफ्टवरून येऊन बूट काढत होती. तिने हेल्मेट बाजूला केलं आणि वाकून पाहिलं. "हे रुसणं नाही, सिद्धार्थ. हिचं नाक सोललंय. आणि श्वास घेताना आवाज येतोय, ऐक. उद्या सकाळी व्हेटकडे न्यायचं."

व्हेटबाईंनी माझी छाती तपासली, मग विचारलं, टाकी केवढी आहे? सिद्धार्थने सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पण सापाला लहान जागा सुरक्षित वाटते ना?" त्याने विचारलं.

"लपायची जागा लहान हवी, मेट. सगळं घर तेवढं नको," त्या म्हणाल्या. "तिला अंग पूर्ण सरळ करता आलं पाहिजे. वर चढता आलं पाहिजे. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. फुप्फुसात इन्फेक्शन आहे, औषध देते, पण त्याच टाकीत राहिली तर ते पुन्हा होईल आणि ती वाचणार नाही. जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी द्या."

घरी सिद्धार्थचे वडील दादाराव होते. नागपुरात आयटीआयमध्ये त्यांनी आयुष्यभर सुतारकाम शिकवलं, आणि मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना सापांची भयंकर भीती. माझ्या खोलीत यायचं झालं तर एक हात दाराच्या मुठीवर ठेवूनच उभे राहायचे.

"एक मीटर वीसची टाकी आणतो," सिद्धार्थ त्यांना म्हणाला. "त्याहून मोठी ठेवायची कुठे?"

"तिची लांबी किती आहे?" दादारावांनी विचारलं.

सिद्धार्थला सांगता येईना. तो आठ वर्षं माझा मालक होता.

तेव्हा शाल्मलीने मला पॅसेजमध्ये सोडलं आणि माझ्या पाठीवरून लोकरीचा धागा धरत गेली. दादाराव दारातूनच टेप हातात घेऊन उभे. धागा मोजला. दोन मीटर पंधरा.

"नव्वदमध्ये दोनशे पंधरा," दादाराव म्हणाले. "सिद्धार्थ, नागपुरात इंदोऱ्यातल्या खोलीत आम्ही आठ जण झोपायचो. नोकरी लागेपर्यंत मी पाय सरळ करून झोपलो नाही. शेजारी म्हणायचे, दादाराव फार समजूतदार पोरगा आहे, कोपऱ्यात पडून राहतो. समजूतदार नव्हतो रे. जागा नव्हती."

सिद्धार्थने हॉलमधल्या सोफ्याकडे पाहिलं. "बाबा, पण एवढी लांब भिंत एकच आहे, आणि ती सोफ्याची आहे."

"मग सोफा काढ."

"लोक आले तर बसतील कुठे?"

"खाली बसतील. मी पण बसेन."

दोन आठवडे गॅरेजमधून करवतीची थरथर माझ्या पोटाला जाणवत होती. आम्हाला असंच ऐकू येतं. सुमेधा एक दिवसाआड मला इंजेक्शन देत होती. दादारावांनी प्लायवूडचं घर बांधलं, दोन मीटर चाळीस लांब, माणसाच्या छातीएवढं उंच, समोर सरकत्या काचा. आत गमट्रीची, म्हणजे इथल्या निलगिरीची जाड फांदी, एका टोकाला दिवा, आणि दोन्ही टोकांना माझ्यासाठी लपायला एकेक खोकं. मला त्यांनी हात एकदाही लावला नाही. कडा मात्र पॉलिशपेपरने इतक्या घासल्या, की माझं नाक कुठेच खरचटणार नाही.

पहिले चार दिवस मी खोक्यातून बाहेर आलेच नाही.

"बघा," सिद्धार्थ म्हणाला, "शेवटी लहानच जागा आवडते."

"थांब जरा," दादाराव म्हणाले. "सरळ झोपायची सवय व्हायला मलाही वेळ लागला होता."

पाचव्या दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, मी निघाले. जमिनीवरून सरकत गारव्याच्या टोकापर्यंत गेले, आणि माझं नाक तिथे पोचलं तेव्हा शेपूट अजून उबेत होती.

"आजोबा, कम! शी इज स्टिल गोइंग," शाल्मली म्हणाली.

मी पूर्ण सरळ झाले. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर एकही घडी नव्हती. सिद्धार्थ येऊन जमिनीवर बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. "ही एवढी मोठी आहे हे मला माहीतच नव्हतं," तो हळूच म्हणाला. त्या आठवड्यात मी उंदीर खाल्ला.

मित्रांनो, साप घरी आणायचा असेल तर पिल्लाकडे बघून पेटी घेऊ नका. तो मोठेपणी केवढा होणार ते आधी विचारा, आणि तेवढी भिंत घरात मोकळी करता येईल का बघा. येत नसेल तर आणू नका. आम्हाला भुंकता येत नाही, रडता येत नाही, म्हणून आमचं सगळं ठीक चाललंय असं समजू नका. आणि यासाठी माझ्याकडून आभाराची अपेक्षा ठेवू नका. ती जागा माझीच होती, फक्त उशिरा मिळाली.

पाहुणे अजूनही येतात, सतरंजीवर बसतात आणि विचारतात, एवढ्या मोठ्या घरात ही करते तरी काय? काही करत नाही. मी इथे लांबच्या लांब पडून राहते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी घेत नाही.