खाणीतल्या लाल अळ्या

घरात तिला सगळे ‘किडेवाली’ म्हणत. न चावणाऱ्या चिलटांवर तिचं संशोधन होतं, आणि त्यांच्या लाल अळ्यांसाठी तिने आसपासचे सगळे पाणवठे पालथे घातले होते. त्यांतल्या दोन जाती दिसायला अगदी सारख्या. अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तरच फरक कळायचा. एका जातीत गुणसूत्रावरच्या आडव्या पट्ट्यांचा एक तुकडा उलटा बसलेला असे. ती जात तिला एकाच ठिकाणी सापडली होती, दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात. नदीत कधीच नाही.

नदीत एका खाणकामगाराचं प्रेत मिळालं. दारूच्या नशेत बुडाला, असं सगळे धरून चालले होते. फौजदाराला मात्र शंका होती. बुटातल्या गाळात वळवळणाऱ्या अळ्या त्याने तिच्याकडे आणून दिल्या.

पहिल्या अळीत तुकडा उलटा निघाला. दुसरीत, तिसरीतही तेच. म्हणजे बुटातला गाळ खाणीतला होता. खाणीवर राखणीला तिचा दीर होता. नवरा गेल्यावर ‘वहिनी, शिक्षण सोडायचं नाही’ म्हणत त्यानेच घर ओढलं होतं.

फौजदाराकडे जाण्याआधी ती दिरासमोर जाऊन बसली. तो जेवत होता.

“भाऊजी, तो माणूस खाणीत पडला होता ना?”

आधी त्याने उडवाउडवी केली. मग घास ताटात ठेवला. कडेवरून त्या कामगाराचा पाय घसरला होता. खाणीला कुंपण नव्हतं. बोभाटा झाला असता तर खाणीला टाळं लागलं असतं. म्हणून खाणमालकाने आणि दिराने मिळून त्याला गाडीत घातलं आणि नदीत सोडलं.

“तेव्हा तो गेलेला होता ना?”

त्याने ताट बाजूला सारलं.

“कण्हत होता, वहिनी.”

सासू दारात उभी राहून ऐकत होती. तिने सुनेचे पाय धरले. एक लेक गेला, उरलेला तरी राहू दे, म्हणाली. सुनेने पाय सोडवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी जे दिसलं आणि जे ऐकलं ते फौजदाराला सांगितलं.

दिराला जन्मठेप झाली. मालकाने सगळं त्याच्यावर ढकललं आणि स्वतः नामानिराळा राहिला. खटला संपताच त्याने खाण मातीने बुजवून टाकली.

सासू अजून तिच्याकडेच राहते, जाणार कुठे? दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करतात, न बोलता. तुरुंगात भेटीला सासू एकटीच जाते. एकदा परत आल्यावर सुनेने विचारलं, कसे आहेत?

“बारीक झालाय,” सासू म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.