आबासाहेबांची दुभाषी

वॉशिंग्टनमधल्या त्या संगमरवरी इमारतीत, सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी डब्यातली पोळी आणि मेथीची भाजी खात होते. पहाटेच न्यू जर्सीहून ट्रेनने निघाले होते आणि भूक लागली की मला दुसरं काही सुचत नाही. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "मेथी का? वा! चार दिवसांनी घरचा वास आला."

वर बघितलं तर साक्षात पुरुषोत्तमराव गव्हाणकर. आमच्या भागात सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. माजी पाटबंधारे मंत्री, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, तालुक्यातल्या बारा हायस्कुलांचे मालकच म्हणा ना. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, अंगात खादीचा सदरा, वर नवाकोरा ओव्हरकोट. मागे त्यांचा सेक्रेटरी राजाराम, हातात डायरी.

ही १९८६ च्या मार्चमधली गोष्ट. यंत्रसामग्री विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने परदेशातल्या पुढाऱ्यांना लाच चारली का, याची चौकशी अमेरिकेच्या काँग्रेसची एक समिती करत होती. कंपनीच्या कागदांत धरणाच्या यंत्रांसंबंधी आबासाहेबांचं नाव निघालं होतं. त्यांना काही कोणी पकडून आणलेलं नव्हतं. गडी स्वतःहून आला होता. निवडणूक तोंडावर होती, आणि अमेरिकेच्या संसदेला तोंडावर सुनावून आलो, हे त्यांना गावोगाव सांगायचं होतं. मराठीतच बोलेन, अशी अटही त्यांनी घातली होती. म्हणून समितीने मला बोलावलं. मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहायची आणि पाच वर्षं ट्रेंटनच्या कोर्टात दुभाषी म्हणून काम करत होते.

"बसा, बसा, खाऊन घ्या," आबासाहेब म्हणाले. "ताई, माहेर कुठलं?"

हा प्रश्न मला अमेरिकेत हजार वेळा तरी विचारला गेलाय. पार्किंग लॉटमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, गणपतीत आपापला डबा घेऊन जमायच्या पॉटलकला. मराठी माणूस भेटला की माहेर विचारणार, आणि आपण सांगणार. दुभाषाने साक्षीदाराशी बोलायचंच नसतं हे मला पाठ होतं. पण माहेर विचारल्यावर गप्प बसायचं, हे मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

"हिवरसांड," मी म्हणाले. "शेजवळांची मी."

"म्हणजे एकनाथ शेजवळ सर?"

"माझा धाकटा भाऊ! तुमच्याच हायस्कूलला गणित शिकवतो." आणि एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! "जूनमध्ये कायम व्हायचाय," हेही मीच सांगितलं.

"अहो, मग तुम्ही आमच्याच की!"

आता सांगायला लाज वाटते, पण मी खुलले. एवढा मोठा माणूस, आणि माझ्या भावाला नावाने ओळखतो. राजारामने डायरी उघडली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. त्याची ती डायरी मिटलेली बघितली आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्याने काय लिहिलं ते मला न वाचताच कळलं.

साक्षीदाराशी काही संबंध निघाला तर आधी सांगायचं, असा आमचा नियम. मी समितीच्या वकिलाकडे गेले. कोवळा पोरगा, काखेत फायलींचा गठ्ठा. मी तोंड उघडलं तोच म्हणाला, "चार मिनिटांत सुरू करतोय, प्लीज आत बसा." मी आत जाऊन बसले. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की वेळच नव्हता. पण वेळ होता. दहा शब्दांचं काम होतं. मला ते सांगायची लाज वाटली, एवढंच.

आत उंच ओट्यावर सात सदस्य, खाली आमचं टेबल, टेबलावर दोन माईक. आबासाहेबांनी शपथ घेतली, मग मी घेतली. कानावर पडेल ते सगळं सांगेन, काही गाळणार नाही, पदरचं काही घालणार नाही. आमच्या धंद्यात आणखी एक रीत आहे. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते म्हणतात की' वगैरे भानगड नाही. त्याच्या तोंडची शिवीसुद्धा आपल्या तोंडून आपलीच म्हणून जाते.

आबासाहेब सुरुवातीला असे काही गरजले! "मी कुणाच्या दारात भीक मागायला आलेलो नाही. तुमची माणसं बॅगा घेऊन आमच्या दारात आली. आणि चोर आम्ही?" तेच मी माझ्या बारीक आवाजात इंग्रजीत म्हणायची. ओट्यावरचे दोघे हसले, मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी मान डोलावली. खरं सांगते, त्यातलं निम्मं मलाही पटत होतं. दर वाक्यानंतर आबासाहेब माझ्याकडे बघून मंद हसायचे, घरच्या लेकीकडे बघावं तसे.

समितीचे अध्यक्ष म्हातारे होते, अगदी सावकाश बोलायचे. त्यांनी विचारलं, "आपला मुलगा ओहायोत शिकतो. त्याची फी कोण भरतं?"

"मुलगा हुशार आहे. त्याला शिष्यवृत्ती आहे," आबासाहेब म्हणाले.

अध्यक्षांनी एक पत्र वाचलं. कंपनीचं, युनिव्हर्सिटीला लिहिलेलं. फीचं बिल आमच्याकडे पाठवावं, विद्यार्थ्याला कळवू नये. मी ते मराठीत सांगत होते आणि आबासाहेबांची मान लाल होताना मला दिसत होती. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"हो, भरली त्यांनी फी! मग? धरण झालं की नाही? शेतात पाणी गेलं की नाही?"

आणि ते थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. खोलीत मात्र ते फक्त तिघांना कळलं होतं, त्यांना, राजारामला आणि मला. समोर स्टेनोग्राफर बाई मशीनवर बोटं ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती.

आबासाहेब माझ्याकडे वळले. मघाशी मेथीचं विचारलं होतं त्याच आवाजात म्हणाले, "ताई, हे एवढं राहू द्या. शिष्यवृत्तीच म्हणा. एकनाथ सरांचं जूनमध्ये आहे ना?"

मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. माझ्या मुलीच्या, दीपाच्या जन्माच्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा नाही. गाळलं तर कोणाला कळणार होतं? टेप फिरत होती, पण ती टेप ऐकून समितीला अर्थ सांगणारं माणूस तिथे मीच. एक वाक्य गिळायचं, आणि एकनाथ जूनमध्ये कायम. घराचं अर्धवट राहिलेलं काम, आईची औषधं, नंदाचं बाळंतपण, सगळं त्या नोकरीवर. नंदा म्हणजे त्याची बायको, तिला सातवा लागला होता.

आणि मी तोंड उघडलं.

"हो, भरली त्यांनी फी," मी इंग्रजीत म्हणाले. "मग? धरण झालं की नाही? शेतात पाणी गेलं की नाही? ताई, हे एवढं राहू द्या. शिष्यवृत्तीच म्हणा. एकनाथ सरांचं जूनमध्ये आहे ना?"

पुढे पुष्कळांनी त्याला धाडस म्हटलं. धाडस कसलं डोंबलाचं! पाच वर्षांची सवय होती. कानात पडलं की तोंडातून निघायचं. माझी धमकी मीच मला दिली, तीही 'मी' म्हणून.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "एकनाथ कोण?"

मी उत्तर देण्याआधीच आबासाहेब बोलले, आणि चक्क इंग्रजीत, चांगल्या स्वच्छ इंग्रजीत. "या बाईंचे बंधू. आमच्या शाळेत शिक्षक आहेत. मी फक्त घरची विचारपूस केली. आमच्याकडे तशी पद्धत आहे." लोक हसले. खोली बघता बघता सैलावली.

"अशी पद्धत आहे का, मॅडम?" अध्यक्षांनी मला विचारलं.

त्या दिवसात पहिल्यांदाच मला माझं असं काही बोलायचं होतं. "विचारायची पद्धत आहे," मी म्हणाले. "सकाळी त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. आत्ता ते विचारत नव्हते."

सुनावणी दुसऱ्या दिवसावर ढकलली. वकील पोरगा बाहेर येऊन मला खूप बोलला, आणि ते बरोबरच होतं. पण उद्यापर्यंत दुसरं मराठी माणूस त्याला कुठून मिळणार होतं? त्यात आबासाहेबांनीच कळवलं की आमची काही हरकत नाही, बाई घरच्याच आहेत.

हॉटेलवर श्रीरंगचा फोन आला. "विनू, उद्या सिक आहेस म्हणून सांग आणि सरळ ट्रेन पकड. मी स्टेशनवर पिक अप करतो." माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याचं माहेरही हिवरसांडला नाही आणि सासरही त्याच्या मनात कधी तिथे नव्हतं. मी हो-हो म्हणून ठेवून दिला आणि हिवरसांडचा नंबर मागितला. एकनाथकडे फोन नव्हता. शेजारच्या औषधाच्या दुकानात होता. ऑपरेटरने तासाभराने लाइन जोडून दिली तेव्हा तिकडे सकाळ झाली होती.

"ताई," एकनाथ म्हणाला. त्याचा आवाज ऐकूनच मला कळलं की त्याला सगळं कळलंय. "राजारामचा रात्रीच फोन आला संस्थेत. हेडमास्तर उजाडायच्या आत घरी येऊन गेले."

"काढलं तुला?"

"नाही गं. कागद आणला होता. सही केली मी."

"कसला कागद?"

त्याने आवाज खाली आणला. "त्यात लिहिलंय की घराच्या वाटणीवरून तुझा आमच्यावर आणि आबासाहेबांवर राग आहे. तू लहानपणापासून खोटं बोलतेस. आमचा तुझा काही संबंध नाही."

मी बिछान्यावर बसले. वाटणी कसली? मी तर लग्नातच घराचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं.

"चांगलं केलंस," मी म्हणाले.

"ताई, ऐक. उद्या तो कागद तुझ्यापुढे येईल. तुलाच वाचायला लावणार, असं हेडमास्तर म्हणत होते. तू वाचताना थांबू नकोस. रडू नकोस. थांबलीस तर समितीला कळेल की भांडण खोटं आहे, कागद लिहून घेतलाय. मग माझं काही खरं नाही. वाचशील ना नीट?"

"वाचेन."

"ठेवतो. दुकानात लोक आलेत." आणि त्याने ठेवला.

दुसऱ्या दिवशी कागद आला. टेलेक्सवर, इंग्रजी अक्षरांत मराठी. आबासाहेबांनी तो अध्यक्षांकडे दिला, अध्यक्षांनी माझ्याकडे पाठवला. आबासाहेब आज माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. गरजच नव्हती.

मी माईक जवळ ओढला. कागद टेबलावर दाबून धरला. आमची रीत मोडायची सोय नव्हती.

"मी, एकनाथ शेजवळ, शपथेवर लिहून देतो की माझी बहीण विनीता लहानपणापासून खोटं बोलत आली आहे."

स्टेनोग्राफर बाईची बोटं चालत होती. सात जण ओट्यावरून माझ्याकडे बघत होते. मी त्या सातांपैकी एकाकडेही बघितलं नाही. वाटणी वाचली, राग वाचला. शेवटी होतं, "यापुढे माझा तिच्याशी काही संबंध राहिलेला नाही." तेही वाचलं. कुठेही थांबले नाही.

"भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

एकनाथला मी बोट धरून शाळेत नेलं होतं. पहिल्या दिवशी तो माझं बोट सोडायला तयार नव्हता.

"हो," मी म्हणाले. "पूर्ण आणि अचूक आहे."