तीन दरपत्रकं आणि चार माणसं

माझ्या नवऱ्याने लग्नासाठी बरोबर तीन मुली पाहिल्या. चौथं स्थळ सिन्नरहून आलं होतं, पण तोवर तीन पाहून झाल्या होत्या, त्यामुळे ते त्यांनी पाहिलंच नाही. मी त्या तिघींमधली दुसरी. बाकीच्या दोघी कशात मागे पडल्या, हे पंधरा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "ती फाईल बंद झाली."

ज्ञानेश एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत वरिष्ठ लिपिक आहेत. खुर्च्या, पंखे, सतरंज्या, टाचण्या, जे काही लागेल त्याची तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यायचं, ही त्यांची नोकरी. ती ऑफिसातच राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण हा माणूस भाजीबाजारातसुद्धा तीन गाड्यांवर मेथीचा भाव विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही, आणि तिसऱ्या गाडीवर पोहोचेपर्यंत पहिल्या गाडीवरची मेथी संपलेली असते.

यंदा सुट्टी लागली आणि मुलांनी थीम पार्कचा हट्ट धरला. निकिताची आठवी झालीय, रुद्रची पाचवी. मी लगेच हो म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मुलांपेक्षा मलाच जास्त जायचं होतं. पंधरा वर्षांत आम्ही चौघं, फक्त चौघं, कुठे म्हणजे कुठे गेलेलो नाही. लग्नानंतर वणीला गेलो ते जीप भरून. शिर्डीला गेलो ते दोन जीप भरून. गणपतीपुळ्याला टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सतरा जण होते, आणि मी समुद्राकडे पाठ करून पुऱ्या लाटत होते. चांदवडजवळच्या गावाहून सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची मुलं, मालेगावहून आत्या, असा सगळा गोतावळा प्रत्येक वेळी बरोबर. माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

"या वेळी फक्त आपण चौघं," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"अर्थात," ज्ञानेश म्हणाले, आणि पट्टी घेऊन कागदावर रेघा मारायला लागले.

निकिताला मुंबईकडचं पार्क हवं होतं, तिथल्या रोलर कोस्टरसाठी. रुद्रला हैदराबादचं, कारण त्याचा मित्र तिथे जाऊन आला होता आणि शाळेत फार भाव खात होता. दोन नावं लिहून झाल्यावर ज्ञानेश पेन हातात धरून बसून राहिले.

"तिसरं?"

"तिसरं कशाला? दोनच आहेत," मी म्हटलं.

"दोनाची तुलना होत नाही, उज्वला. ऑडिटला चालत नाही."

"आपल्या घराचं ऑडिट कोण करतं?"

"कोणी नाही. पण सवय असावी."

म्हणून तिसरं नाव आलं ते नाशिक शहराबाहेरच्या एका बागेचं. तिथे दोन घसरगुंड्या, बदकांचं तळं आणि एक उंट आहे. उंट फक्त रविवारी असतो.

चार दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं, तक्ता होता. घरापासूनचं अंतर, रांगेत उभं राहण्याचा वेळ, सावली, शाकाहारी जेवणाची सोय, उंचीची अट. रुद्रला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं तर मोठ्या पाळण्यांसाठी तो चार बोटं कमी भरला, आणि त्या दिवसापासून तो टाचांवर उंच होऊन घरभर फिरायला लागला. एक रकाना नुसता 'उलट्या' असा होता. कसारा घाटात रुद्रने आजवर जे काही केलंय ते पाहता तो रकाना गरजेचाच होता, हे मी मान्य करते. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. चौथ्या दिवशी संध्याकाळी बेरीज झाली.

उंट पहिला आला.

म्हणजे बरोबरच होतं. बाग वीस मिनिटांवर, रांग नाही, झाडं भरपूर, उंचीची अट नाही, उलटीचा प्रश्नच नाही. निकिताने तक्ता दोनदा पाहिला आणि तिचा आवाज रडवेला झाला. "पप्पा, आपण सुट्टीत उंट बघायला जायचं?"

"ही फक्त तांत्रिक छाननी झाली बाळा," ज्ञानेश म्हणाले. "अजून दर यायचेत."

दर वेबसाईटवर दिलेले होते. मी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि मला समजावलं की वेबसाईटवर असते ती जाहिरात, दरपत्रक वेगळं. मग त्यांनी पत्र टाईप केलं. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय, सहकुटुंब सहलीकरिता दरपत्रक मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, इथपासून ते अटी व शर्तींसह सात दिवसांच्या आत, इथपर्यंत. वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक एक. मी विचारलं, हा क्रमांक कुठला, तर म्हणाले, "घरासाठी नवीन रजिस्टर घातलंय."

बागवाल्याने फोन करून "काका, या की कधीपण" एवढंच सांगितलं. हैदराबादहून बुकिंगची लिंक आली. मुंबईकडच्या पार्कमधून मात्र एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. असं पत्र वाचून कोणीही जे समजेल तेच ती समजली होती. "सर, तुमच्या कार्यालयातून साधारण किती जण येतील?"

इथे 'कार्यालय नाही, आम्ही चौघं' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला होता. पण तिने पुढच्याच वाक्यात सांगितलं की तीस किंवा जास्त जणांचा ग्रुप असेल तर दर जवळजवळ निम्मा, शिवाय जेवण आणि नाशिकहून बस. सगळ्यात कमी दर समोरून चालत आला, की आमच्या माणसाचं डोकं चालायचं थांबतं. ते म्हणाले, "कळवतो."

संध्याकाळी मी दवाखान्यातलं रिसेप्शनचं काम आटोपून सिडकोतल्या घरी आले, तोवर चांदवडला फोन होऊन गेला होता. धाकटे दीर महेशभाऊंनी 'चलो थीम पार्क' नावाचा ग्रुप काढला होता आणि दोन तासांत त्यात सव्वीस माणसं भरली होती. मालेगावच्या चतुराआत्यांनी आवाज रेकॉर्ड करून विचारलं होतं की तिथल्या पाण्यात नऊवारीवर उतरू देतात का. खाली महेशभाऊंचा माझ्यासाठी खास निरोप होता. "वहिनी, तुमच्या हातच्या पुऱ्या पाहिजेत हां. दीडशे करा फक्त."

त्या 'फक्त'वर माझी नजर बराच वेळ अडकून राहिली.

"मुलं धरून एकोणतीस झाले," ज्ञानेश मोठ्या उत्साहाने म्हणाले. "तिसावा म्हणून समोरच्या बंटीला विचारलंय. तो म्हणाला, आईला विचारून सांगतो."

मी पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. माझ्या तोंडून ओरडाच बाहेर पडायचा, पण मला माहीत आहे, ओरडलेलं या माणसाच्या कानातून आरपार जातं. त्याला कागदावरचंच समजतं.

"एक सांगा," मी म्हटलं. "तुमच्या ऑफिसात सगळ्यात कमी दर नाकारायचा असेल तर काय करतात?"

"सहसा नाकारत नाहीत."

"पण नाकारायचाच असेल तर?"

"मग कारण द्यावं लागतं. लेखी. सबळ कारण, शेऱ्याच्या रकान्यात."

मी त्यांच्या खिशातलं पेन काढलं, तक्ता ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. 'सदर दर नामंजूर. कारण, मला माझ्या नवऱ्याबरोबर आणि मुलांबरोबर एकदा तरी एकटं जायचं आहे. पंधरा वर्षं वाट पाहिली. उज्वला.'

ज्ञानेशनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आतल्या खोलीत मुलांनी टीव्हीचा आवाज आपण होऊन कमी केला.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मला वाटलं ती अपेक्षा आहे," ते अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले. "अट आहे हे कळलं नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींपैकी कुठलं आधी येऊ द्यावं हे कळेना. त्यांनी माझ्या सहीखाली सही केली. तारीख घातली. मग बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत बसले.

"आईला कोण सांगणार?"

"तुम्ही."

पेनाचं टोपण पुन्हा निघालं.

"बरं, दोघं सांगू," मी म्हटलं.

रविवारी आम्ही चांदवडला गेलो. मुलं पोहोचल्या पोहोचल्या चुलत भावंडांबरोबर विहिरीकडे पळाली. अंगणात कांद्याचा हा एवढा ढीग पडला होता आणि सासूबाई, लंकाबाई, कांदाचाळीत भरायच्या आधी त्यातले सडके, डेंगळे कांदे वेगळे काढत बसल्या होत्या. सासरे सावळीराम बाजेवर बसून ट्रान्झिस्टरचे सेल बदलत होते. मी सासूबाईंशेजारी बसून हाताला लागले. ज्ञानेशनी दहा मिनिटं उन्हाविषयी भाषण केलं. मग हायवेच्या कामाविषयी. मग ते घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ माठापाशीच थांबले.

मग मीच बोलले. "आई, तीस जणांचं रद्द केलंय. आम्ही चौघंच जाणार आहोत. हे माझं म्हणणं आहे, त्यांचं नाही."

सासूबाईंचे हात थांबले. पंधरा वर्षांत मी त्यांना उलटून बोललेच नव्हते, त्यामुळे त्या चिडल्या की कशा दिसतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"तू म्हणतीस? तुझ्या मनानं?"

"हो."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे लय दुखत्यात. ह्या पोराचा फोन आला तवाच म्हणणार व्हते, पण म्हटलं नको. उज्वलाला माणसांबिगर करमत नाय."

"मला?"

"मंग? त्या समुद्रावर किती हौसेनं पुऱ्या लाटत व्हती तू."

"हौसेनं?"

"हसत व्हती ना."

हसत होते, हे खरं आहे. सतरा जणांसमोर आणखी काय करणार? पण ते हसू या बाईने पंधरा वर्षं खरं मानलं होतं, आणि मला स्वतःचाच असा राग आला की हातातला चांगला कांदा मी सडक्यांत टाकला.

त्यांनी तो उचलून परत चांगल्यांत ठेवला. "तुला वाटत असंल, म्हातारी सोडत नाय. आन मला वाटायचं, सून सोडून जात नाय, लय गुणाची हाय. मंग येत नाय कसं म्हणायचं? म्हणून दर बारीला पिशवी भरून निघायचे मी."

"आई, मग एकदा तरी सांगायचं ना."

"तू सांगितलं का?"

ज्ञानेश माठापासून परत आले होते आणि प्रकरण मिटतंय असं पाहून मुंबईकडच्या पार्कचा चौघांचा दर सांगायला तोंड उघडत होते. सासूबाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं.

"आता बोलणं निघालंच हाय, तर मी बी बोलून घेऊ का?" त्या म्हणाल्या. बोलत माझ्याशी होत्या, पण मान बाजेकडे वळली होती. "चव्वेचाळीस वर्सं झाली लग्नाला. ह्यांच्यासंगं दोघंच अशी मी कुठं गेले नाय. बाजाराला निघाले तरी मागं ट्रॅक्टरमधी धा माणसं."

ट्रान्झिस्टरचं झाकण सासऱ्यांच्या हातातच राहिलं. "मंग बोलायचं व्हतं."

"तुमी इचारलं कधी?"

मला वाटलं, ही बाई माझ्या पुढे तीस वर्षं उभी आहे, त्याच रांगेत, आणि मी तिलाच रांग अडवणारी समजत होते. लाज वाटली मला. खूपच वाटली.

"कुठे जायचंय, आई?" मी विचारलं.

"ते बरफाचं असतंय ना पार्कात, निकितानं मोबाईलमधी दावलं व्हतं." त्या पदराने हात पुसत हसल्या. "तिथं. दोघंच. महेश गाडीतून सोडंल दारापतूर. आत नको यायला म्हणावं."

ज्ञानेशनी खिशातून पेन काढलं. "बर्फाची पार्कं तशी तीन ठिकाणी..."

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पेन खिशात परत गेलं.

तिथेच कांद्याच्या ढिगाशेजारी बसून मी मोबाईलवर बर्फाच्या पार्कची तिकिटं काढली, येत्या गुरुवारची. आमची चौघांची, मुंबईकडच्या पार्कची तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यातली घेतली. आधी ते जातील. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. त्या गेल्यावर सासरे बाजेवरून उठले, चप्पल न घालताच माझ्यापाशी आले आणि चोरून काही मागावं तसं हळू आवाजात म्हणाले,

"दोघांचीच काढली ना? बघ बरं नीट एकदा. कोणी वाढलं नाय ना त्यात?"