एका लग्नाला एकच सीडी

१९९९ साली आमच्या गावच्या वाचनालयातल्या लग्नाच्या कॅसेटी मोडीत निघाल्या. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

गाव बारामती आणि इंदापूरच्या मधलं. माझी सगळी नोकरी इथल्याच शाळेत झाली. निवृत्त झाल्यावर मला वाचनालयाच्या समितीवर घेतलं, कारण एक तरी बाई घ्यावी असं वरून आलं होतं. दूध संस्थेनं वाचनालयाला टीव्ही आणि व्हिडिओ भेट दिला होता. तेव्हा लग्नाचं शूटिंग घरोघर व्हायला लागलं होतं, पण कॅसेट लावायला घरात काही नव्हतं. म्हणून लग्नाची कॅसेट वाचनालयाच्या कपाटात ठेवायची, अशी रीतच पडली. पंचमीला, दिवाळीला माहेरी आलेल्या मुली दुपारची भांडी आवरून यायच्या आणि आपापली कॅसेट लावून घ्यायच्या. पुरुषमाणसं तेवढा वेळ बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत. आत हसणं चालायचं, मधेच कुणीतरी पदर डोळ्याला लावायची.

त्यातलीच एक सारजाची छकुली, माझी विद्यार्थिनी. त्यांच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती, नंतर शेती आली. छकुली मांडीवर असतानाच सारजाचा नवरा गेला. तिनं एकटीनं पोर वाढवली आणि ९१ साली लोणी देवकरला दिली. लग्नात मात्र सारजा मांडवात आली नाही. विधवेनं अक्षतांना पुढं यायचं नाही, हे तिला कुणी सांगावंही लागलं नाही. कन्यादान चुलता दत्तोबा आणि त्याच्या बायकोनं केलं.

पण शूटिंग करणारा युवराज हौशी होता. कॅमेरा घेऊन तो हळदीच्या दिवशी परसात शिरला. सवाष्णी हळद कुटत होत्या आणि सारजा लांब भिंतीला टेकून त्यांना गाणं सांगत होती, कारण गाणी तिलाच येत होती. ती सांगायची, मग बाकीच्या म्हणायच्या. ते सगळं कॅसेटीत आलं होतं. ९७ साली सारजा काविळीनं गेली. तिचा दुसरा फोटो म्हणजे मतदान कार्डावरचा. त्यात ती सारजा आहे की दत्तोबा, हे बघणाऱ्यानं ठरवायचं.

समितीचे अध्यक्ष बापूसाहेब. ते पुण्याला कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि सभेत म्हणाले, "कॅसेटीला बुरशी धरतीय. जग सीडीवर गेलं. आपुनबी जायचं."

बुरशी धरत होती, हे खरं. मी म्हटलं, "सीडीत तासाभराचंच बसतं म्हणतात. लग्नं तीन-तीन तासांची आहेत."

"मग कापायचं. एका लग्नाला एकच सीडी."

"कापायचं काय?"

"फालतू आसंल ते."

"फालतू कोण ठरवणार?"

"बाई, शाळा सुटली आता," बापूसाहेब म्हणाले. सगळे हसले. "चला, फुडचा विषय घ्या."

दिवाळीत छकुली आली, सोबत सहा-सात वर्षांची लेक प्रतिक्षा. नातीला आजी दाखवायची होती. लेकीला कळण्याजोगं वय झालं की दाखवीन, असं ती मला आधीपासून म्हणत होती. बापूसाहेबांनी मोठ्या कौतुकानं स्वतः सीडी लावली.

बँड झाला. मग फेटे आणि सत्कार. कारखान्याच्या संचालकाचा, सोसायटीच्या चेअरमनचा, खुद्द बापूसाहेबांचा. प्रत्येकाला टॉवेल-टोपी, प्रत्येकाचे आशीर्वादपर दोन शब्द. मुहूर्त टळून गेला तरी माइक कुणी सोडत नव्हतं. नवरी कोपऱ्यात उभी राहून पाय बदलत होती. मग घाईघाईत मंगलाष्टका, अक्षता, हार. संपलं.

"आई, आजी कुठाय?" प्रतिक्षानं विचारलं.

"यील," छकुली म्हणाली. टीव्हीवर निळा पडदा आला तरी ती बघत राहिली. मग वळून म्हणाली, "बापूसाहेब, ह्यात माझी आई न्हाय."

"ती मांडवात नव्हतीच, तर मी कुठनं दावू?"

मी गप्प बसले नाही. म्हटलं, "मांडवात तुम्ही तिला येऊ दिलं नाहीत. परसात होती, ते तुम्ही फालतू म्हणून कापलंत. मग ती होती कुठं, बापूसाहेब?"

"बाई, म्या काय मुद्दाम केलं का? युवराजला सांगितलं, मांडवातलं घे. लग्न म्हंजे मांडवच की."

"मूळची कॅसेट द्या," छकुली म्हणाली.

"त्या युवराजलाच दिल्या. सीडी करायच्या बदल्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बारामतीला युवराजच्या दुकानात गेलो. माझ्याकडं बघायचं टाळत तो म्हणाला, "बाई, जुन्या कॅसेटी मी परत वापरतो. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली असती. तितं चिकटपट्टी लावली की परत रेकॉर्डिंग घेता येतं. लई जण तसंच करत्यात."

"माझी कुठली?" छकुलीनं एवढंच विचारलं.

ढिगातून ती सापडली. वर वडगाव निंबाळकरच्या कुणाच्या तरी जावळाचं नाव होतं. त्यानं ती लावली. हळदीच्या जागी न्हावी, रडणारं पोर आणि त्याला चॉकलेट दाखवणारा मामा. छकुली दुकानातल्या स्टुलावर ताठ बसून राहिली. जावळ संपलं. पडद्यावर मुंग्या आल्या. युवराज बंद करायला उठला, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

मुंग्या गेल्या आणि जुनं लग्न परत सुरू झालं. जावळ कमी पडलं होतं म्हणून शेवट वाचला होता. शेवटची पंगत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांची. त्यात टोकाला सारजा, कपाळाला घाम, पुढ्यात गार झालेला भात. कॅमेरा दिसताच तिनं उष्टा हात हलवला. "मला कशाला घेतोस रं मुडद्या? पोरगी निघाली तिकडं, तिला घे." बाजूच्या बायका हसल्या आणि तीही हसली.

प्रतिक्षा म्हणाली, "ही आजी?"

"व्हय."

युवराज म्हणाला, "ताई, ह्याची सीडी करून देतो, फुकट."

"नको. कॅसेटच द्या."

"लावणार कशावर?"

"ते मी बघीन. तुमी हिच्यावर आता दुसरं काय घेऊ नका म्हंजे झालं."

परतीच्या एसटीत ती मला म्हणाली, "बाई, गावली ना. तुमी नका तरास करून घिऊ." पण हळदीचं गाणं गेलं ते गेलंच. ते म्हणणारी दुसरी कुणी नव्हती आणि कपाटातल्या बाकीच्या कॅसेटींत आणखी किती जणी होत्या, ते कुणालाच ठाऊक नाही.

युवराजनं पुढं दुकान विकलं. आता तो हॉल भाड्यानं देतो. दत्तोबा मुलाकडं भोसरीला गेला आणि तिकडंच वारला. बापूसाहेब तालुक्याच्या समितीवर गेले. पुढं तेही वारले. त्यांच्या शोकसभेत, वाचनालय त्यांनीच आधुनिक केलं, असं तिघं बोलले. त्या सीड्या पाच-सहा वर्षांतच अडकायला लागल्या. आता त्या लावायचं यंत्रही वाचनालयात नाही.

छकुली लोणी देवकरलाच आहे. नवऱ्याची नोकरी सुटल्यावर तिनं खानावळ काढली, बरी चालते. प्रतिक्षानं कॉलेजात असताना पुण्यातून त्या कॅसेटीतलं सगळं, जावळासकट, कॉम्प्युटरवर उतरवून आणलं. तिनं काहीच कापू दिलं नाही.

मी अजून समितीवर आहे. काही टाकायचा विषय निघाला की मी विचारते, त्यात काय आहे ते कुणी बघितलं का. ते म्हणतात, बाई, पुढचा विषय. मी पुन्हा विचारते.